वायव्येकडची तार

माझ्या बाबांना दुसऱ्याची चूक दिसली की गप्प बसवत नाही. शेजाऱ्यांनी दाराला उलटी बसवलेली कडी असो, बँकेच्या फळ्यावर राहून गेलेली कालची तारीख असो, ते थांबणार, चष्मा पुसणार आणि सांगणार. एकदा एका लग्नात त्यांनी मांडववाल्याला विजेची सगळी जोडणी पुन्हा करायला लावली होती, आणि तोवर नवरदेव बाहेर घाम पुसत उभा. आई तेव्हा म्हणाली होती, "यायले सरगात नेलं तरी तिथलं वायरिंग तपासतीन हे." मला लहानपणी या सवयीची भयंकर लाज वाटायची. पुढे कधी मी याच सवयीचा फायदा घेईन, तेही पंचेचाळीस उलटल्यावर आणि साडेतीन हजार किलोमीटरवरून, हे तेव्हा मला खरं वाटलं नसतं.

बाबा अकोल्याच्या तार ऑफिसात तारमास्तर होते. लोकांचे जन्म, मृत्यू, नोकरीचे हुकूम, सगळं कडकट्ट कडकट्ट करत त्यांच्या बोटांतून गेलं. तारेत एकही फालतू शब्द घालायचा नाही ही शिस्त ते घरीही घेऊन आले. "जेवण झालं का गं?" असं त्यांनी कधी विचारलं नाही, नुसतं "जेवण?" मी इंजिनियरिंगला पहिली आले तेव्हा म्हणाले, "बरं. पुढे?" आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचं नाही, हा बाणा. "काय म्हणालात?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लाइन साफ होती." म्हणजे तुझ्या कानांचा दोष, माझा नाही.

ऑफिसातली तार बंद झाली, पण बाबांची झाली नाही. त्यांच्याकडे हॅम रेडिओचा परवाना होता. घरच्या घरी छोटं रेडिओ स्टेशन थाटायचं, गच्चीवर तार ताणायची आणि जगभरातल्या आपल्यासारख्याच खुळ्यांशी बोलत बसायचं, असा हा छंद. मला तो त्यांनी बाराव्या वर्षी लावला. जेवताना ते ताटाच्या कडेवर चमच्याने अक्षरं वाजवायचे, मी ओळखायची, आणि चुकले की "गाढव" म्हणायचे. आमच्या घरात गाढव हा लाडाचा शब्द आहे, कारण दुसरा कुठला लाडाचा शब्द बाबांनी कधी वापरला नाही.

ठोक्यांच्या या मोर्स लिपीत प्रत्येकाचा एक हात असतो. अक्षरं तीच, पण कोणी घाईत, कोणी ऐटीत, कोणी अडखळत. कानाला सवय झाली की पहिल्या दोन शब्दांत माणूस ओळखू येतो. बाबांच्या हाताची खूण म्हणजे इंग्रजी व्ही. तीन छोटे ठोके आणि एक लांब. तो शेवटचा लांब ठोका ते जरा जास्तच वेळ दाबून धरायचे, जिना उतरताना शेवटच्या पायरीवर माणूस क्षणभर थांबतो तसे. ही त्यांची एकमेव चूक, आणि ती त्यांना कोणी कधी सांगितली नाही.

दीड वर्षापूर्वी त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला कायमचं एक भोक राहिलं, त्यावर आई सुती कापडाचे चौकोनी रुमाल शिवून बांधते. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते त्यांनी एकदा लावलं, आपलाच तो घरघरता आवाज ऐकला आणि यंत्र डब्यात घालून ठेवलं. मग पाटी आली. पाटीवर आधी तीन-चार शब्द असायचे, नंतर एक, नंतर नुसतंच "ठीक."

मला खरा धसका बसला तो रेडिओचा. निवृत्तीनंतर रोज सकाळी सातला महाराष्ट्रातले पंधरा-वीस हॅम बाबांच्या आवाजावर जमायचे. हजेरी घेणारे बाबा, कोणाची तार कुठे कमी पडते ते सांगणारे बाबा. ऑपरेशननंतर घरी आल्या दिवशी त्यांनी त्या रेडिओवर एक जुनी चादर टाकली. मी सुट्टी काढून गेले होते. म्हटलं, "बाबा, मोर्सला आवाज कुठे लागतो?" त्यांनी पाटीवर लिहिलं, "हात गेला." आणि पुसून टाकलं.

हात काही गेला नव्हता. जेवताना तो चांगला चालायचा. पण सगळ्यांना माहीत असलेल्या आवाजाच्या जागी एकाएकी ठोके ऐकू आले की लोक हळहळणार, आणि ती हळहळ त्यांना नको होती. एवढं मला कळत होतं. मी सिंगापूरला परत आले आणि पुढचे सहा महिने व्हिडिओ कॉलवर आईशी बोलत राहिले, कडेला बाबांचा खांदा दिसायचा. आई त्यांच्या वतीने बोलायची. पाटीवर "ठीक" असलं तरी ती वाचायची, "म्हणून राहिले की तब्येत ठीक आहे, तू उन्हात फिरू नको, आणि जावयाले नमस्कार." खांदा हलायचा नाही. चूक दाखवायची सवयसुद्धा गेली होती. आईने भाजीत मीठ विसरलं तरी ते मुकाट्याने खायचे, आणि हे सांगताना आई पहिल्यांदा रडली.

मला फार काही नको होतं. बाबांनी ठोके वाजवायच्या त्या पितळी कळीवर एकदा हात ठेवावा आणि तो हात मी इथे बसून ऐकावा, एवढंच. मधे फोन नको, इंटरनेट नको. पण ऐकणार कुठे? आम्ही राहतो पासिर रिसला, दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. खिडकीबाहेर तार टांगायची सोय नाही, आणि आत लिफ्टची, दिव्यांची, शेजारच्या एसीची एवढी खरखर की समोरच्या ब्लॉकमधला माणूस ऐकू येणार नाही, अकोला तर सोडाच.

इथे अंकल आले. हे माझे कोणी काका नव्हेत, इथे वयाने मोठ्या कोणालाही अंकल म्हणतात. सत्तरी ओलांडलेले चिनी गृहस्थ, जहाजावरचे निवृत्त रेडिओ ऑफिसर. रविवारी सकाळी इथले थोडे हॅम एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कोपी (इथली कॉफी) प्यायला जमतात, तिथली आमची ओळख. ईस्ट कोस्टच्या बाजूला त्यांचं जुनं बैठं घर, आणि मागच्या अंगणात तेरा मीटरचा लोखंडी टॉवर. वर एक गंजलेला अँटेना होता, तो फिरवायची मोटर केव्हाच अडकलेली, त्यामुळे तो कायम ऑस्ट्रेलियाकडे तोंड करून बसलेला. अंकल म्हणत होते, आता टॉवरच उतरवून टाकतो.

मी म्हटलं, अंकल, उतरवू नका. आपण त्याच्यावर चार तारा लावू.

कल्पना नवी नाही, हॅम मंडळी ती कित्येक वर्षं वापरतात. टॉवरच्या शेंड्यावरून चार दिशांना चार तारा खाली तिरक्या सोडायच्या, तंबूच्या दोऱ्यांसारख्या. रेडिओला एका वेळी एकच तार जोडायची, स्विच फिरवून. उरलेल्या तिघी नुसत्या उभ्या राहतात, पण त्यांच्या शेपटाच्या केबलची लांबी बरोबर ठेवली तर त्या आरशासारखं काम करतात आणि जोडलेल्या तारेचा जोर पुढे ढकलतात. मोटर नको, फिरवणं नको. बाबांच्या बाजूला गच्चीवर एकच साधी तार होती, म्हणून माझ्या बाजूला असा जोर हवाच होता.

अंकल इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "कॅन. बट यू प्लॅन, आय ओन्ली मेक कोपी."

मी नकाशा करायला घेतला. माझं ऑफिस जुरोंग ईस्टला. पासिर रिसहून म्हणजे एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसायचं ते बेटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, तासाभराहून जास्त. मांडीवर वही, वहीत टॉवर. तिसऱ्या दिवशी, नकाशा जवळजवळ पुरा होत आला असताना, माझ्या डोक्यात ते शिरलं. बाबांना विचारलं तर ते "ठीक" लिहितील. पण बाबांना चुकीचं दाखवलं तर?

मी नवं पान घेतलं आणि तोच नकाशा चुकीचा काढला. चुकासुद्धा अशा निवडल्या की बाबांच्या जिवाला लागाव्यात. मागच्या तारा पुढच्या तारेपेक्षा लांब भासायला हव्यात, हे त्यांनी मला बाराव्या वर्षी ताटावर चमचे मांडून शिकवलं होतं. मी त्या आखूड दाखवल्या. केबलमध्ये सिग्नल हळू चालतो, त्यामुळे केबलची लांबी कमी धरावी लागते. ते मी विसरले. टॉवरला आधार देणारे पोलादी दोर मधे इन्सुलेटर घालून तोडावे लागतात, नाहीतर सगळा जोर तेच खातात. मी ते सलग ओढले. विजेसाठी अर्थिंग दाखवलंच नाही, तेही सिंगापुरात, जिथे दुपार झाली की आभाळ गडगडायला लागतं. आणि भारताची दिशा म्हणून सरळ पश्चिमेकडे बाण काढला. एकूण पाच.

बाकी सगळं मात्र मी मन लावून केलं. मागच्या अंगणाचे फोटो काढले, मोजमापं घेतली, वायव्येच्या बाजूला जागा कमी म्हणून तिथली तार जास्त उभी घेतली. त्या भागाचा मला जरा अभिमानच होता. अंकलना कागद दाखवला तर ते बराच वेळ बघत राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "यू इंजिनियर, ऑर नॉट?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांचं, चादरीचं, मिठाचं.  मग उठून त्यांनी कोपी आणली आणि म्हणाले की एवढ्या चुका खोट्या वाटतील, अर्थिंगची काढून टाक. मी नाही काढली. म्हटलं, माझ्या वडिलांना तुम्ही ओळखत नाही, अर्थिंगला ते नक्की उठतील.

शनिवारी आईच्या फोनवर नकाशा आणि फोटो पाठवले. खाली लिहिलं, बाबा, सगळं ठरलं आहे, पुढच्या आठवड्यात टॉवरवर माणूस चढेल, फक्त एकदा नजर टाका. रविवारी काही नाही. सोमवारी काही नाही. ऑफिसात मी चार वेळा फोन बघितला असेल, आणि मनात आलं, गेला. माझा बाप गेला, आता उरलं आहे ते नुसतं जेवतं आणि झोपतं. फार वाईट विचार होता तो, पण आला.

मंगळवारी आईचा फोन. "काहून गं, काय पाठवलं तू? दोन दिवस झाले, माझा फोन यायच्याच हातात आहे. बोटानं मोठं करून करून पाहून राहिले. आज सकाळी चप्पल घातली अन् एकटेच झेरॉक्सवाल्याकडे गेले. एवढा मोठा कागद काढून आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला, मी भाकरी ठेवू कुठं?"

ऑपरेशननंतर बाबा एकटे घराबाहेर पडले नव्हते. मी फोन कानाला लावून जुरोंग ईस्टच्या फलाटावर उभी राहिले, दोन गाड्या गेल्या तरी चढले नाही.

शेवटी गाडीत बसले, आणि वाटेत कागदाचा फोटो आला. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, एकच शब्द आणि पुढे पूर्णविराम: गाढव.

मी तिथेच रडले, उगाच खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसून वाचायला लागले. माझ्या प्रत्येक चुकीभोवती निळा गोल आणि शेजारी तारेच्या भाषेत शेरा. "मागच्या लांब." "केबलमध्ये वेग कमी." "दोर तोड." अर्थिंगपाशी नुसतं "मरशील." आणि पश्चिमेच्या बाणापाशी, "तिकडे सोमालिया. बाप वायव्येला." मी मोजले, पाच. सगळे मासे गळाला लागले होते.

आणि एक गोल सहावा होता. लाल पेनाचा. मला वाटलं, निळं पेन संपलं असेल.

तो गोल माझ्या नकाशावर नव्हता, अंगणाच्या फोटोवर होता, अगदी कोपऱ्यात. तिथे आडव्या लावलेल्या तीन बांबूंवर कपडे वाळत होते. शेजारी लिहिलं होतं, "इथे कपडे कोण वाळत घालतं?"

मी माझा नकाशा त्या फोटोशेजारी धरला. वायव्येची तार मी जास्त उभी घेतली होती, म्हणजे तिचं खालचं टोक जमिनीपासून माणसाच्या उंचीवर येत होतं, आणि ते बरोबर त्या बांबूंपाशी. रेडिओ चालू असताना अशा तारेच्या टोकाला हात लागला तर माणूस चांगलाच भाजतो. कपडे अंकलच्या बायको वाळत घालतात, रोज, हात वर करून. त्या अंगणात मी दहा वेळा गेले होते, त्या आंटींच्या हातचं बार्लीचं पाणी पिऊन त्यांना थँक्यू म्हणाले होते, पण त्या तिथे उभ्या राहतात हे मला दिसलं नव्हतं. ते अकोल्यात बसलेल्या माझ्या बापाला एका फोटोच्या कोपऱ्यातून दिसलं.

मी अंकलना जाऊन सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरला, कारण चाळीस वर्षं त्याच घरात राहून त्यांनाही ते सुचलं नव्हतं. आंटी मात्र हसायला लागल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांत इथे किती अँटेने लागले आणि उतरले, मी कपडे कुठे वाळत घालते हे विचारणारा हा पहिलाच हॅम. आणि त्यांनी बाबांसाठी अननसाच्या बिस्किटांचा डबा बांधून दिला, तो मी पुढे पोस्टाने पाठवला. बाबांनी उपाय कळवला, "भिंतीवर बांबू उभा कर. टोक वर घे." दोन ओळी. तसंच केलं.

मग मी सोकावले. दर आठवड्याला काहीतरी चुकवायचं आणि पाठवायचं. कधी गाठ चुकीची, कधी स्विचच्या डब्याचं तोंड वर, म्हणजे पावसाचं पाणी आत. कागद उलट यायचे, शेरे वाढायला लागले. एका कागदावर चक्क दीड ओळ होती. आई वैतागली. "घरात ग्राफपेपर अन् फूटपट्टी, पोरगी शाळेत जाते की काय असं वाटून राहिलं. अन् तू एवढी शिकली, तुले काहीच येत नाही का गं?" माझ्या हुशारीबद्दल आईच्या मनात जी काही समजूत होती ती त्या दोन महिन्यांत पार धुळीला मिळाली. मी ते सोसलं. मात्र कधी कधी बाबांना फसवतेय याची टोचणी लागायची, आणि ती मी अंकलना बोलून दाखवली की ते म्हणायचे, "नेव्हर माइंड लाह, ही इज ईटिंग?" हो, बाबा नीट जेवायला लागले होते. भाजीत मीठ कमी आहे असं पाटीवर लिहून दाखवायला लागले होते.

एका रविवारी आईशी बोलताना मागे टिक टिक ऐकू आलं. मी आईला म्हटलं, जरा थांब. चमचा होता. ताटाच्या कडेवर. फार हळू, फार अडखळत, पण अक्षरं होती.  आईला म्हटलं, हं, सांग, पुढे काय झालं त्या दूधवाल्याचं.

शेवटी एका कोरड्या सकाळी परवानाधारक माणूस पट्टे बांधून टॉवरवर चढला आणि चारही तारा लागल्या. मी खाली उभी राहून प्रत्येक गाठीचा फोटो बाबांना पाठवत होते, आणि तो माणूस वरून विचारत होता की अजून किती वेळ असं लोंबकळत ठेवणार. तीन गाठींना "बरं" मिळालं. चौथी पुन्हा बांधावी लागली. ती चूक त्या माणसाची होती, माझी नाही.

आता राहिलं ते खरं काम. मी आईला सांगितलं, येत्या रविवारी तुमच्या दुपारी तीनला मी अंकलच्या घरून अमुक फ्रिक्वेन्सीवर हाक मारीन. बाबांना म्हणावं, चादर काढा. मी फोनवर वाट बघत होते. पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला. आईने या वेळी पदरचं काही घातलं नाही. म्हणाली, "लिहिलं आहे, ऐकेन." फक्त ऐकणार. उत्तर देईन असं म्हणाले नव्हते.

रविवारी इथे साडेपाच वाजले. अंकलच्या मागच्या खोलीत पंखा, रेडिओ, भिंतीवर त्यांच्या जहाजांचे फोटो. बाहेर आंटी कपडे काढून आत घेत होत्या, बांबूच्या वर दोन हात तार मोकळी होती. मी स्विच वायव्येला फिरवला. माझी कॉलसाइन, म्हणजे हॅमचं रेडिओवरचं अक्षरांचं नाव, मग बाबांची कॉलसाइन, या. थांबले. नुसती खरखर. पुन्हा. खरखर. मधे कोणी जपानी जोरात येऊन गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अंकल म्हणाले, नैऋत्येला फिरवून बघ. मी म्हटलं, नको, बाप वायव्येला आहे.

पंधराव्या मिनिटाला मी हात काढून घेतला. मनाशी म्हटलं, ते ऐकतायत ना, तेवढं पुरे. स्वतःची समजूत घालायची मला सवय आहे. आणि मी हेडफोन काढणार तेवढ्यात खरखरीच्या खालून काहीतरी हललं.

फार मंद. कोणी नवशिक्या असावा असा हात, एक ठोका छोटा, दुसरा त्याहून छोटा, मधेच थांबलेला. मी पेन्सिल उचलली. बाबांनी शिकवलं होतं, शब्द ओळखायला जाऊ नको, अक्षर पडेल तसं लिही. माझी कॉलसाइन पडली. मग भारतातली एक कॉलसाइन पडू लागली, आणि तिच्यात सुरुवातीलाच व्ही होता. तीन छोटे ठोके, आणि एक लांब, जरा जास्तच लांब.

मला अंकलनी नंतर सांगितलं की मी तेव्हा मोठ्याने "बाबा" म्हणाले. मला आठवत नाही. मी उत्तर दिलं ते आठवतं, पहिलंच अक्षर चुकलं आणि पुन्हा सुरू करावं लागलं. कळवलं, ऐकू येतंय, स्वच्छ. आणि खरंच येत होतं, पाचच मिनिटांत खरखर खाली बसली आणि अकोला शेजारच्या खोलीत असल्यासारखं झालं.

मग बाबांनी निरोप पाठवला. रोमन अक्षरांत मराठी, तारेत पाठवायचे तसा, एकही शब्द वाया न घालवता. मी अक्षरं लिहीत गेले आणि ती संपल्यावर वाचली.

"पाच चुका मुद्दाम. एक खरी. अजून पाठव."

निळे गोल पाच, लाल एक. पेन संपलं नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ते झेरॉक्सवाल्याकडे चालत गेले, फूटपट्टी आणली, दोन महिने माझ्या खोट्या चुका खऱ्या मानून सुधारत बसले. मी त्यांना फसवत होते आणि ते मला फसवू देत होते, आणि दोघांनाही त्यातून उठायचं नव्हतं. मी पेन्सिल हातात धरून बसून राहिले. पलीकडे बराच वेळ गेला असेल, कारण ठोके पुन्हा सुरू झाले.

"अजून पाठव."

तेच दोन शब्द, पुन्हा. सिग्नल खराब असला की हॅम शब्द दोनदा पाठवतात. पण सिग्नल खराब नव्हता. लाइन साफ होती, आणि माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा तीच गोष्ट मला दोनदा सांगितली होती.

अंकल माझ्याकडे बघत होते. आंटी कपड्यांची टोपली घेऊन दारात उभ्या होत्या. उत्तर तर द्यायला हवं होतं. मी डोळे पुसले आणि कळीवर हात ठेवला.

"बाबा," मी विचारलं, "अर्थिंगसाठी नायलॉनची दोरी चालेल का?"

 मग आलं, एकच शब्द, सावकाश, आता पुष्कळ सरळ झालेल्या हाताने: गाढव. शेवटचं अक्षर व्ही. तीन छोटे ठोके आणि मग तो लांब ठोका, जो त्यांनी सोडलाच नाही, सोडलाच नाही, आणि मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून तो ऐकत राहिले.